जुन्या काचसामानाचा संग्रह: मंडळ कसे निवडावे, माहिती कुठे शोधावी आणि ती कशी वापरावी

जुन्या काचेच्या भांड्यावर बनवणाऱ्याचे नाव बहुधा नसतेच. चांदीवर छाप असतो, चिनी मातीच्या बशीखाली शिक्का असतो. काचेवर मात्र कारखान्याने कागदी लेबल चिकटवलेले असायचे आणि ते पहिल्या धुण्यातच निघून जायचे. त्यामुळे हातातला पेला कोणी केला, कधी केला, तो खरा की मागाहून काढलेली नक्कल, याचे उत्तर त्या पेल्यावर सापडत नाही. ते जुन्या कॅटलॉगमध्ये, साच्यांमध्ये, पेटंटच्या कागदांत आणि त्याच प्रकारचे शेकडो नग हाताळलेल्या माणसांच्या डोक्यात असते.

हे सगळे टिकले ते मोठ्या प्रमाणात संग्राहकांच्या मंडळांमुळे. अमेरिकेतला हायसीचा कारखाना १९५७ साली थांबला, केंब्रिज ग्लास कंपनी १९५८ साली कायमची बंद झाली, फोस्टोरियाचा कारखाना १९८६ साली, तर फेंटनने २०११ साली पारंपरिक उत्पादन थांबवले. कारखाना बंद पडला की कागदपत्रे रद्दीत जातात आणि साचे विकले जातात. अशा वेळी पुढे होऊन कॅटलॉग गोळा करणारी, साचे विकत घेणारी, संग्रहालय उभारणारी माणसे हौशी संग्राहकच होती. म्हणून माझे सांगणे असे की पैसे आधी वस्तूंवर नव्हे, माहितीवर खर्च करा. एका मध्यम फुलदाणीच्या किमतीत एखाद्या मंडळाची वर्षाची वर्गणी सहसा भागते, आणि त्या वर्षात तुम्ही जे शिकता त्यामुळे पुढच्या कित्येक चुकीच्या खरेदी टळतात.

आधी हातातली वस्तू नीट पाहा

मंडळ निवडण्यापूर्वी आपल्याकडे काय आहे, हे ढोबळमानाने तरी कळायला हवे. त्यासाठी चांगला उजेड, दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि अतिनील किरणांचा टॉर्च एवढी साधने पुरतात.

पहिला प्रश्न: काच फुंकलेली आहे, साच्यात दाबलेली आहे की कापलेली? बोट आत घालून पाहा. बाहेर उठावाची नक्षी आहे आणि आतली बाजू सपाट गुळगुळीत आहे, तर ती बहुधा दाबलेली, म्हणजे प्रेस्ड काच. आतून दट्ट्या दाबल्यामुळे ती बाजू सपाट राहते. बाहेरच्या उंचवट्याखाली आत खळगा लागत असेल, तर काच साच्यात फुंकलेली आहे. नक्षीच्या कडा बोटाला धारदार लागत असतील, तर ती चाकावर कापलेली कट ग्लास असण्याची शक्यता जास्त. दाबलेल्या काचेच्या कडा मऊ, गोलसर असतात आणि साच्याचे भाग जुळतात तिथे बारीक रेघ दिसते. तळाशी खरबरीत किंवा घासून गुळगुळीत केलेला गोल व्रण असेल, तर तो पाँटिलचा. भांड्याचे तोंड घडवताना ते ज्या लोखंडी दांडीवर धरलेले असते, ती तोडल्याची ही खूण. मात्र आजचे स्टुडिओ कारागीरही हीच पद्धत वापरतात. पाँटिलमुळे हातकाम सिद्ध होते, वय नाही.

दुसरा प्रश्न आवाजाचा. पेला देठाला धरून कडेवर नखाने हलकेच टिचकी मारा. शिसे असलेली काच घंटेसारखी लांबवर वाजते, सोडा-चुन्याची काच बद्द वाजून थांबते. अमेरिकी प्रेस्ड काचेच्या बाबतीत ही खूण फार उपयोगी आहे. १८६४ साली पश्चिम व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावी विल्यम लेटन यांनी स्वच्छ, स्वस्त अशा सोडा-चुन्याच्या काचेचे मिश्रण बसवले, आणि महाग शिसे टाकायची गरजच उरली नाही. त्यामुळे खणखणीत वाजणारा प्रेस्ड गॉब्लेट, म्हणजे देठाचा पेला, बहुधा त्या बदलाआधीचा किंवा त्याच्या आसपासचा असतो. आवाज भांड्याच्या आकारावरही अवलंबून असतो. जाड तबक किंवा अरुंद तोंडाची सुरई शिशाची असूनही नीट वाजत नाही.

तिसरी तपासणी टॉर्चची. युरेनियम घातलेली पिवळी-हिरवी काच, जिला संग्राहक व्हॅसलीन ग्लास म्हणतात, ती अतिनील किरणांत लख्ख हिरवी चमकते. ३९५ नॅनोमीटरचा स्वस्त टॉर्चही ती चमक दाखवतो. पण त्याचा जांभळा उजेड डोळ्यांना दिसतो आणि फसवतो; फिल्टर लावलेला ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च जास्त विश्वासाचा. मंद, मळकट हिरवी चमक दिसली तर युरेनियम समजू नका. काचेचा हिरवट रंग घालवण्यासाठी पूर्वी मँगनीज वापरत, आणि तेही मंद हिरवे दिसते. कॅडमियमची काच पिवळी-नारिंगी चमकते. युरेनियमच्या काचेची सुरुवात १८३० च्या दशकातल्या बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागात, झाली. तिथला काचकारखानदार योझेफ रीडेल याने आपल्या दोन रंगछटांना पत्नी आनाचे नाव दिले होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकेत युरेनियमच्या वापरावर निर्बंध आले आणि ते १९५८ पर्यंत राहिले. आजही अशी काच बनते. चमक सापडली म्हणजे जुनेपण सापडले असे नाही.

शेवटी तळ पाहा. वर्षानुवर्षे टेबलावर सरकलेल्या भांड्याच्या टेकणाऱ्या कडेवर वेगवेगळ्या दिशांचे, वेगवेगळ्या खोलीचे बारीक ओरखडे असतात. सगळे ओरखडे एकाच दिशेचे आणि सारखे असतील, तर कोणीतरी पॉलिश पेपर फिरवलेला आहे.

कोणत्या मंडळात जायचे

नवखा संग्राहक सहसा सर्वांत मोठ्या, सर्वसमावेशक संस्थेकडे जातो. मी उलटे सुचवेन: तुमच्या वस्तूंना सर्वांत जवळचे, जितके अरुंद विषयाचे मिळेल तितके, मंडळ आधी गाठा. एकाच कारखान्याला वाहिलेल्या मंडळात एखाद्या पेल्याच्या देठावरून त्याचा मालिका क्रमांक सांगणारी माणसे भेटतात. व्यापक संस्थेत तुम्हाला इतिहासाची चौकट मिळते. दोन्ही हवे, पण या क्रमाने.

कारखान्यांच्या मंडळांचा सर्वांत चांगला नमुना हायसीचा. हायसी कलेक्टर्स ऑफ अमेरिका ही संस्था ओहायोतल्या न्यूअर्क गावी नॅशनल हायसी ग्लास म्युझियम चालवते. हायसीच्या बऱ्याच मालावर चौकोनी हिऱ्यात एच हे अक्षर असते. कारखाना बंद पडल्यावर त्याचे साचे १९५८ साली इम्पिरियल कंपनीने घेतले आणि ती त्यांतून माल काढत राहिली; सुरुवातीच्या काही वर्षांत तर हिऱ्यातली खूणही तशीच उमटत होती. पुढे इम्पिरियल बुडाल्यावर त्यातले जवळपास सगळे साचे मंडळाने विकत घेतले. आता त्या साच्यांतून कोणी भलताच माल काढून बाजारात मिसळणार नाही, एवढी हमी त्या खरेदीने मिळाली. हिऱ्यातला एच दिसला की प्रश्न संपला असे नसते. रंग हायसीच्या काळातला आहे की इम्पिरियलच्या, हे सांगणारा माणूस याच मंडळात भेटतो.

त्याच राज्यातल्या केंब्रिज गावी नॅशनल केंब्रिज कलेक्टर्स ही संस्था केंब्रिज काचेचे संग्रहालय चालवते; या कारखान्याची खूण त्रिकोणातला सी. फोस्टोरियासाठी फोस्टोरिया ग्लास सोसायटी ऑफ अमेरिका आहे आणि तिचे संग्रहालय पश्चिम व्हर्जिनियातल्या माउंड्सव्हिल गावात आहे, जिथे कंपनी १८९१ साली आली होती. टिफिन, डंकन-मिलर, इम्पिरियल, फेंटन अशा नावांभोवतीही गट आहेत.

काही मंडळे कारखान्यापेक्षा प्रकाराला धरून चालतात. १९२९ नंतरच्या मंदीच्या दशकात यंत्रावर भरमसाट निघालेल्या गुलाबी, हिरव्या, अंबर रंगाच्या स्वस्त भांड्यांना डिप्रेशन ग्लास म्हणतात. ओटच्या डब्यात भेट म्हणून किंवा चित्रपटगृहात तिकिटाबरोबर ती मिळत. त्यासाठी १९७४ पासून नॅशनल डिप्रेशन ग्लास असोसिएशन आहे, आणि कॅन्सस राज्यातल्या वेलिंग्टनला तिचे संग्रहालय आहे. मंदीच्या आधीच्या, साधारण १८५० ते १९१० मधल्या नक्षीदार प्रेस्ड काचेसाठी अर्ली अमेरिकन पॅटर्न ग्लास सोसायटी. खोल कापलेल्या, झळाळत्या काचेसाठी अमेरिकन कट ग्लास असोसिएशन. पेपरवेटसाठी पेपरवेट कलेक्टर्स असोसिएशन, जी १९५३ पासून आहे. व्हॅसलीन काचेसाठी व्हॅसलीन ग्लास कलेक्टर्स.

कार्निव्हल ग्लास, म्हणजे तापलेल्या काचेवर धातूंच्या क्षारांचा फवारा मारून आणलेल्या तेलकट इंद्रधनुषी झाकेची काच, हिच्या मंडळांचा पसारा सर्वांत मोठा. फेंटनने १९०७ च्या सुमारास हा माल आणला; नंतर इंग्लंडात सोवर्बी, जर्मनीत ब्रॉकविट्झ, स्वीडनमध्ये एडा, फिनलंडमध्ये रीहिमाकी, शिवाय ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना आणि भारतात फिरोजाबाद इथेही तो निघाला. म्हणून इथे कोणत्या देशाचा माल तुम्हाला आवडतो ते ठरवून मंडळ निवडावे. अमेरिकन कार्निव्हल ग्लास असोसिएशनने एक फार मोलाचे काम केले आहे: नॉर्थवुड कंपनीच्या वर्तुळातल्या, खाली रेघ असलेल्या एन या खुणेचे हक्कच तिने मिळवले, म्हणजे ती खूण नव्या मालावर कोणी उमटवू नये.

व्यापक संस्थांत अमेरिकेतला नॅशनल अमेरिकन ग्लास क्लब १९३३ चा. ब्रिटनमध्ये १९३७ साली सुरू झालेले ग्लास सर्कल आणि १९८३ ची ग्लास असोसिएशन यांचे विलीनीकरण होऊन आता द ग्लास सोसायटी आहे. अठराव्या शतकातल्या इंग्रजी पेल्यांपासून विसाव्या शतकातल्या कारखानी मालापर्यंत सगळे तिच्या कक्षेत येते. पुरातन रोमन काचेपासून पुढे अभ्यासच करायचा असेल, तर काचेच्या इतिहासाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. १९५८ पासून चालत आलेली ही संस्था फ्रेंच आद्याक्षरांवरून एआयएचव्ही या नावाने ओळखली जाते आणि तिच्या परिषदांचे निबंध संशोधकी थाटाचे असतात.

वर्गणी भरण्याआधी मंडळ जिवंत आहे का ते पाहा. शेवटचा अंक कधीचा आहे? पुढचा वार्षिक मेळावा जाहीर झाला आहे का? पत्राला उत्तर किती दिवसांत येते? जुने अंक सभासदांना वाचायला मिळतात का? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुम्ही दूर राहत असाल, मेळाव्याला कधीच जाऊ शकणार नसाल, तरी वीस-तीस वर्षांचे अंक वाचायला मिळत असतील तर वर्गणी वसूल झाली. दूरच्या सभासदांसाठी बरीच मंडळे छापील अंकाऐवजी डिजिटल अंकाची स्वस्त वर्गणी ठेवतात आणि व्याख्याने व्हिडिओवर घेतात.

सभासद झाल्यावर

पहिले काही महिने फक्त वाचा. मंडळाच्या अंकांत नकलांविषयीचे इशारे, नव्याने ओळख पटलेली नक्षी आणि जुन्या मतांच्या दुरुस्त्या येतात; या दुरुस्त्या छापील किंमतकोशांत पोहोचायला कित्येक वर्षे लागतात.

मग प्रश्न विचारा, पण नीट तयारी करून. “हे काय आहे आणि याची किंमत किती?” असा एका अंधुक फोटोसह आलेला प्रश्न जाणकार माणूस बाजूला ठेवतो. भांडे पांढऱ्या कागदावर ठेवून समोरून, वरून आणि तळातून असे तीन फोटो काढा. खिडकीतला उजेड मागून येऊ द्या म्हणजे रंग खरा दिसतो. नक्षीचा, कान किंवा देठ जिथे जोडला आहे त्या जागेचा आणि काही खूण असल्यास तिचा जवळून फोटो घ्या. उंची, तोंडाचा व्यास, तळाचा व्यास आणि वजन लिहा. टॉर्चखाली काय दिसले, वाजते की नाही, पाँटिल आहे की नाही हे सांगा. वस्तू कुठून आली हे ठाऊक असेल तर तेही. आणि स्वतःचा अंदाज जरूर लिहा, तो का वाटला तेही लिहा. चुकीच्या अंदाजावर मिळालेले उत्तर नुसत्या नावापेक्षा फार जास्त शिकवते.

वार्षिक मेळाव्याला जाता आले तर विक्रीच्या दालनापेक्षा अभ्यासवर्गाला आधी जागा धरा. तिथे खरा नग आणि नक्कल शेजारी ठेवून हातात देतात. वजन, काचेचा स्पर्श, रंगाची छटा ही माहिती फोटोतून पोहोचत नाही. दोन्ही हातांत एकेक घेतल्यावर जो फरक कळतो तो पुन्हा विसरायला होत नाही. सभासदांच्या घरचे संग्रह पाहण्याची संधी मिळाली तर ती सोडू नका. हाताळण्याआधी विचारा, अंगठ्या काढा, आणि भांडे कान किंवा कडेला न धरता एका हाताने तळ आणि दुसऱ्याने पोट धरून उचला.

संग्रहालये आणि ग्रंथालये

एकच ठिकाण सांगायचे तर न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावचे कॉर्निंग म्युझियम ऑफ ग्लास. १९५१ साली उघडलेल्या या संग्रहालयाचा संग्रह घरबसल्या शोधता येतो, आणि त्याला जोडलेले रेको संशोधन ग्रंथालय हा काचेविषयीच्या पुस्तकांचा, कारखान्यांच्या कॅटलॉगचा आणि कागदपत्रांचा जगातला सर्वांत मोठा साठा मानला जातो. बरेच कॅटलॉग तिथे डिजिटल रूपात आहेत. ग्रंथपालांना प्रश्नही विचारता येतो. मात्र संग्रहालये किंमत सांगत नाहीत, तो प्रश्न त्यांना विचारू नका. “या नक्षीचा कॅटलॉग तुमच्याकडे आहे का आणि कोणत्या वर्षाचा?” असे विचारा.

बाकीची ठिकाणे तुमच्या आवडीप्रमाणे. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या प्रेस्ड काचेसाठी मॅसॅच्युसेट्समधले सँडविच. तिथे १८२५ साली डेमिंग जार्विसने सुरू केलेला कारखाना १८८८ पर्यंत चालला. पेपरवेटसाठी विस्कॉन्सिनमधल्या नीना गावचे बर्गस्ट्रॉम-माहलर संग्रहालय. इंग्रजी कारखान्यांसाठी स्टोअरब्रिजचे नवे काच संग्रहालय आणि लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. बोहेमियन काचेसाठी जर्मनीतले पासाउ. हे संग्रहालय १९८५ साली उघडले तेव्हा उद्घाटनाला नील आर्मस्ट्राँग आले होते. आणि इटालियन काचेसाठी मुरानो बेटावरचे म्युझिओ देल वेत्रो.

कॅटलॉग, पेटंट आणि नोंदणी क्रमांक

संग्राहक खरा स्वावलंबी होतो तो या पायरीवर. दुसऱ्याच्या मतावर विसंबण्याऐवजी मूळ कागद पाहायला शिकलात की पुष्कळ वाद तिथल्या तिथे मिटतात.

व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रजी प्रेस्ड काचेवर उठावात एक चौकटीसारखा हिरा दिसतो. १८४२ ते १८८३ या काळातली ही नक्षी-नोंदणीची खूण. माथ्यावरच्या वर्तुळात रोमन तीन असेल तर वर्ग काचेचा. कोपऱ्यांत वर्ष, महिना, दिवस आणि गठ्ठ्याचा क्रमांक सांगणारी अक्षरे-आकडे असतात. १८६७ पर्यंत वर्षाचे अक्षर वरच्या कोपऱ्यात असे, १८६८ पासून ते उजवीकडे गेले. तक्ता समोर ठेवून हे वाचावे लागते, कारण अक्षरे वर्णानुक्रमाने लावलेली नाहीत. १८८४ पासून हिरा गेला आणि साधा नोंदणी क्रमांक आला, जो एकपासून सुरू होऊन १९०० च्या सुरुवातीला साडेतीन लाखांच्या पुढे पोहोचला होता. या नोंदणीची मूळ रजिस्टरे, रेखाचित्रांसह, लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. लक्षात ठेवायचे ते इतकेच की ही तारीख नक्षी नोंदवल्याची आहे, तुमचे भांडे बनल्याची नाही. खपणारी नक्षी पुढे अनेक वर्षे निघत राहायची. विक्रेता ती तारीख उत्पादनाची म्हणून सांगतो तेव्हा सावध व्हा.

इंग्रजी कारखान्यांच्या खुणाही इथेच शिकून घ्याव्यात: सोवर्बीचे मोराचे डोके, डेव्हिडसनचा बुरुजातून वर आलेला सिंह. खूण उठावात आणि फार बारीक असते. ती डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला लागते, म्हणून तळावरून आणि आतून बोट फिरवण्याची सवय लावा.

अमेरिकी मालासाठी पेटंट शोधा. कार्यात्मक पेटंट आणि डिझाइन पेटंट असे दोन प्रकार असून जुन्या पेटंटची चित्रे इंटरनेटवर मोफत पाहता येतात. तळावर तारीख असेल तर ती कोणत्या वारी येते ते काढा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकी पेटंट मंगळवारी दिली जातात. वेगळा वार निघाला तर ती तारीख खरोखर पेटंटचीच आहे का, ते पुन्हा तपासा. आयात मालावर देशाचे नाव घालण्याची सक्ती अमेरिकेत १८९१ पासून आली, पण ते नाव कागदी लेबलवरही चालायचे. म्हणून देशाचे नाव नाही म्हणजे भांडे त्याआधीचे, हा तर्क टिकत नाही.

जुने कॅटलॉग वाचताना चित्रापेक्षा मापाकडे लक्ष द्या. क्षमता, उंची, त्या मालिकेत कोणकोणते नग निघाले आणि कोणते कधीच निघाले नाहीत, हे नीट टिपून घ्या. मूळ मालिकेत नसलेला नग बाजारात दिसला, की नक्कल पकडण्याची सर्वांत सोपी वाट उघडली.

नकला, पुनर्निर्मिती आणि बनवेगिरी

या तिन्हींत फरक आहे. जुन्याच साच्यातून नंतर काढलेला माल, नवा साचा करून काढलेली नक्कल आणि फसवण्याच्या हेतूने घातलेली खोटी सही, या तीन वेगळ्या गोष्टी आणि तिन्हींसाठी पुरावा वेगळा लागतो.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण फेडरल कंपनीची माद्रिद नक्षी. मंदीच्या काळातली ही नक्षी कंपनीने १९७६ साली अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त ‘रिकलेक्शन’ या नावाने पुन्हा काढली आणि प्रामाणिकपणे तीत ७६ हा आकडा घातला. नंतर साचे दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि आकडा गायब झाला. आता रंग आणि नग यांवरूनच भेद करावा लागतो. इम्पिरियलचे उलट आहे. जुन्या साच्यांतून माल काढताना तिने १९५१ पासून एकमेकांवर चढवलेली आय आणि जी ही अक्षरे घातली. लेनॉक्सने कंपनी घेतल्यावर १९७३ पासून त्या अक्षरांच्या आधी एल लागला, १९८१ पासून त्याच्याही आधी ए. अक्षरे मोजली की कालखंड हाती येतो.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण जेनेट कंपनीची चेरी ब्लॉसम. ही १९७० च्या दशकापासून नकला निघत असलेली नक्षी. अशा नक्षीत पानांच्या शिरा, फांदीचा मार्ग, कानाचा आकार यांची खऱ्या नगाशी रेघेला रेघ लावून तुलना करावी लागते, आणि त्यासाठी मंडळांनी तयार केलेली तुलनाचित्रे सर्वांत भरवशाची.

खोट्या सह्यांचा उपद्रव महाग नावांना जास्त. टिफनी आणि गॅले या सह्या इतक्या सर्रास कोरल्या जातात की सही ही शेवटची तपासायची गोष्ट समजावी. फ्रेंच काचकलावंत एमिल गॅले १९०४ साली वारले. त्यानंतरच्या काही वर्षांतल्या मालावर सहीशेजारी तारा असतो. रोमानियात गॅलेच्या शैलीत बनणाऱ्या मालावर ‘टिप’ असा शब्द सहीबरोबर असतो, आणि तो शब्द घासून काढलेले नग मोठ्या नावाने विकले जातात. सहीजवळची काच टेकाडासारखी किंवा खोलगट लागते का, ते भिंगाने पाहा. लालिकच्या बाबतीत सहीतला आर पाहतात: फ्रेंच काचकलावंत रेने लालिक १९४५ साली वारले आणि तो आर त्यांच्या हयातीतल्या मालाची खूण मानला जातो. पण खोटा आरही कोरता येतो.

रंगाचीही बनवेगिरी चालते. मँगनीज घातलेली जुनी रंगहीन काच अनेक वर्षे उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. हीच काच किरणोत्सारी यंत्रात ठेवली की काही वेळात गडद वांग्याच्या रंगाची होते. फिकट छटा शक्य आहे. गर्द जांभळ्या रंगाला जास्त पैसे देऊ नका.

खरेदी करताना

मंडळाच्या सभासदांकडून किंवा मेळाव्यात घेतलेली वस्तू किंचित महाग पडते, पण विकणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा त्याच लोकांसमोर उभे राहायचे असते. लिलावात घेताना अवस्थेचा लेखी अहवाल मागा आणि मागच्या विक्रीच्या किमती पाहा. मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत यांत अंतर असते.

टवका उडालेली कड घासून सपाट केलेली असू शकते. कॅटलॉगमधली उंची माहीत असेल तर दोन-तीन मिलिमीटरची घट लगेच कळते; कडेची मूळ गोलाई जाऊन ती धारदार किंवा सपाट लागते. धूसर झालेली, म्हणजे संग्राहकांच्या भाषेत ‘आजारी’ काच तेलाचा हात फिरवून तात्पुरती स्वच्छ दाखवतात. आत बोट फिरवून पाहा. तेलकट लागले तर धुऊन, पूर्ण वाळवून दाखवायला सांगा. जुन्या सुरईच्या काचेच्या बुचावर आणि तोंडावर कोरलेला एकच क्रमांक कधी कधी सापडतो. तो जुळला तर जोडी मूळची.

जपणूक आणि नोंदवही

डिशवॉशर पूर्ण वर्ज्य. प्लास्टिकच्या टबात टॉवेल अंथरून, कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, एका वेळी एकच नग धुवा. सोन्याचा मुलामा किंवा वरून रंगवलेली काच भिजवू नका. पेले कडेवर उपडे ठेवू नका, कारण कड हाच सर्वांत नाजूक भाग. सुरईत ओल असताना बूच बसवू नका. काचेवर घामासारखे थेंब येत असतील किंवा आत बारीक जाळीसारख्या भेगा दिसत असतील, तर तो काचेच्या रसायनाचाच दोष आहे. असा नग फार दमट किंवा फार कोरड्या जागेत न ठेवता स्थिर हवेत ठेवा आणि जाणकार संवर्धकाला दाखवा.

नोंदवही पहिल्या वस्तूपासून सुरू करा. प्रत्येक नगाला क्रमांक द्या. पण तो काचेवर चिकटवू नका, दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर लिहा. नोंदीत मापे, वजन, फोटो, कुठून आणि केव्हा घेतली, काय दिले, ओळख कोणी पटवली आणि कोणत्या पुराव्यावर, एवढे हवे. पुराव्याचा रकाना कधीच रिकामा ठेवू नका. “कॅटलॉगमधल्या अमुक पानावरचे चित्र आणि माप जुळते” ही नोंद आणि “विक्रेत्याने सांगितले” ही नोंद यांचे वजन सारखे नाही, आणि दहा वर्षांनी तुम्हाला स्वतःलाच ते आठवणार नाही.

या नोंदींची एक प्रत घराबाहेर ठेवा. १९७२ साली कॉर्निंगमध्ये नदीचा पूर संग्रहालयात शिरला तेव्हा ग्रंथालयातली भिजलेली पुस्तके गोठवून वाचवावी लागली होती. तुमच्या वहीसाठी तसे कोणी धावून येणार नाही. मूळ लेबल, खोके किंवा पावती मिळाली तर ती वस्तूइतकीच जपा. आणि तुमच्याकडचा एखादा नग मंडळाच्या यादीत नसेल, एखाद्या नक्षीचा नवा रंग किंवा नवे माप तुम्हाला सापडले असेल, तर त्याचे फोटो, मापे आणि पुराव्याची नोंद मंडळाच्या संपादकाकडे पाठवा. पुढच्या अंकात ते छापून आले की तो नग इतर संग्राहकांनाही ओळखता येतो. संग्रह पुढे कोणाकडे जावा, हे ठरवतानाही आधी याच मंडळाच्या संग्रहालयाला विचारा: कोणते नग त्यांच्याकडे नाहीत? तेवढे नग आणि नोंदवहीची प्रत त्यांच्या नावे लिहून ठेवा.